उन्हाच्या प्रदेशात ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव

पावसाळ्याचे महिने वगळता महाराष्ट्रात उन्हाची वानवा नसते. असे असूनही लहान मुलांचे पाय वाकणे, प्रौढांची हाडे ठणकणे आणि वृद्धांची हाडे कमकुवत होणे या तक्रारींच्या मुळाशी अनेकदा सूर्यप्रकाशाचा अभाव असतो, असे सांगितले की पुष्कळांना नवल वाटते. परंतु ऊन अंगणात पडणे वेगळे आणि अंगावर पडणे वेगळे. ज्यांच्या अंगावर ते पडतच नाही, त्यांनी ‘ड’ जीवनसत्त्व औषधरूपाने घ्यावे काय, हा प्रश्न म्हणूनच आपल्याकडेही महत्त्वाचा ठरतो.

शरीरातील प्रक्रिया

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा एक विशिष्ट भाग त्वचेवर पडला म्हणजे तेथील एका स्निग्ध द्रव्यापासून ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. यकृत आणि मूत्रपिंड यांमध्ये त्याचे कार्यक्षम स्वरूपात रूपांतर होते व त्यायोगे अन्नातील कॅल्शियम आतड्यातून रक्तात शोषले जाते. ही क्रिया मंदावली की वाढत्या मुलांना मुडदूस होतो, तर प्रौढांची हाडे मऊ पडतात व स्नायू दुर्बळ होतात.

हे किरण सूर्य आकाशात बराच वर असतानाच पुरेशा प्रमाणात जमिनीपर्यंत पोहोचतात. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल ती वेळ यासाठी योग्य, अशी एक सोपी खूण सांगता येते. तान्ह्या बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरण्याची आपली प्रथा प्रेमाची आहे. पण त्या तिरप्या किरणांतून ‘ड’ जीवनसत्त्व फारच थोडे मिळते. खिडकीच्या बंद काचेतून येणाऱ्या उन्हाचा तर या कामी उपयोग होत नाही. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ ऊन लागते, हेही लक्षात ठेवावयास हवे.

आहारातून ही उणीव भरून निघणे कठीण असते. तेलकट मासे, यकृत आणि अंड्याचा पिवळा बलक यांत हे जीवनसत्त्व असते. धान्ये, डाळी व भाजीपाला यांत ते जवळजवळ नसतेच. मातेच्या दुधातही त्याचे प्रमाण अल्प असते.

उन्हापासून दुरावलेले

अंथरुणास खिळलेले रुग्ण, घराबाहेर न पडणारे वृद्ध, दिवसभर बंद जागेत काम करणारे व रात्रपाळीचे कामगार, सर्वांग झाकणारा वेष करणाऱ्या स्त्रिया आणि दाट वस्तीतील अंधाऱ्या खोल्यांत वाढणारी बालके यांचा या वर्गात समावेश होतो. दिल्लीतील एका प्रदूषित वस्तीतील आणि गुडगाव येथील तुलनेने स्वच्छ हवेतील बालकांची पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. धुरकट हवेत राहणाऱ्या बालकांच्या रक्तातील या जीवनसत्त्वाची सरासरी पातळी दुसऱ्या गटाच्या निम्म्याहूनही कमी आढळली. २०१६-१८ मधील सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षे वयाच्या १४ टक्के बालकांत आणि १० ते १९ वर्षे वयाच्या २४ टक्के मुलामुलींत ही उणीव दिसून आली.

ग्लासगोचा अनुभव

अशा लोकांना पूरक मात्रा दिल्याने खरोखर लाभ होतो काय? या प्रश्नाचे उत्तर स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराने दिले आहे. भारत व पाकिस्तानातून तेथे स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलांत १९६० नंतरच्या काळात मुडदूस आढळू लागला. उत्तरेकडील दुबळे ऊन, सावळी त्वचा आणि शाकाहाराकडे झुकणारा आहार यांचा तो एकत्रित परिणाम होता. १९७९ पासून तेथील आरोग्य यंत्रणेने या मुलांना ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब मोफत पुरविण्याची मोहीम हाती घेतली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात मुडदुसाचे प्रमाण बरेच घटल्याचे दिसले.

याउलट, उणीव नसलेल्यांना अधिक मात्रा दिल्याने विशेष काही साधत नाही. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांच्या एका मोठ्या चाचणीत एका गटास दररोज २,००० एकके देण्यात आली. त्यांच्यातील अस्थिभंगाचे प्रमाण घटले नाही, असा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. या व्यक्तींची निवड उणिवेच्या निकषावर झालेली नव्हती.

मात्रा किती असावी?

सूर्यप्रकाश अत्यल्प मिळत असल्यास प्रौढांनी दररोज ६०० एकके, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम, घ्यावीत अशी शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये केली. तान्ह्या बालकांना पहिले वर्षभर दररोज ४०० एकके देण्याचा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात. उणीव आधीच निर्माण झाली असेल, तर उपचाराची मात्रा वेगळी असते व ती डॉक्टरांनीच ठरवावयाची असते.

जास्त घेतले म्हणजे जास्त गुण येतो, ही समजूत येथे घातक ठरते. उन्हातून या जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. औषधातून मात्र होतो. रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा पोहोचू शकते. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख एककांची मात्रा देण्यात आली. तेव्हा त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे कमी होण्याऐवजी वाढले, असे २०१० मध्ये निदर्शनास आले. बाजारात मिळणारी ६०,००० एककांची पुडी म्हणूनच स्वतःच्या मनाने घेऊ नये. बालकांच्या थेंबांची तीव्रताही बाटलीगणिक भिन्न असते, याची जाणीव मातांना करून देणे आवश्यक आहे.

गावपातळीवरील काम

या कामी मोठ्या खर्चाची गरज नाही. कवायत व खेळाचा तास सावली आखूड असण्याच्या वेळी, परंतु कडक उन्हाळ्याचे दिवस टाळून, ठेवणे शिक्षकांना शक्य आहे. अंगणवाडीला मोकळे, उघडे अंगण मिळेल हे ग्रामपंचायत पाहू शकते. ‘अ’ व ‘ड’ जीवनसत्त्वे मिसळलेल्या दुधाच्या व तेलाच्या वेष्टनावर अधिक चिन्हासह इंग्रजी ‘एफ’ अक्षराची खूण असते. ती ओळखण्यास लोकांना शिकविता येईल. आणि ज्या घरी वर्षानुवर्षे खाटेवर पडून असलेली वृद्ध व्यक्ती किंवा वाकू लागलेल्या पायांचे मूल असेल, त्या घराची माहिती आरोग्य केंद्राला वेळीच कळविणे हे तर प्रत्येक पंचायत सदस्याच्या हाती आहे. ज्याला उन्हात जाता येते, त्याला ऊन पुरेसे आहे. ज्याला ते शक्य नाही, त्याच्यापर्यंत योग्य मात्रा पोहोचली पाहिजे.