रोज नाही राहत ना, मॅडम!

लेखमाला : गोष्टीचा खेळ, भाग ६

मागच्या भागात आपण फांद्यांचा हिशेब मांडला होता. प्रत्येक प्रसंगाला तीन पर्याय आणि असे पाच प्रसंग, म्हणजे शेवट झाले २४३. तेवढे लिहीत बसलं तर खेळ या जन्मात पुरा व्हायचा नाही, म्हणून फांद्या पुन्हा खोडाला आणून मिळवायच्या, असं आपलं ठरलं. आता प्रत्यक्ष एक प्रकरण रचायला घेऊ. प्रकार तोच, व्हिज्युअल नॉव्हेल. मागे चित्र, पुढे बोलणारं पात्र, खाली संवादाची पट्टी आणि अधूनमधून खेळणाऱ्यापुढे येणारे दोन-तीन पर्याय. विषय वैद्यकीय रहस्याचा. गाव हिंगणघाट.

वैद्यकीय रहस्य म्हटलं की डोळ्यांपुढे एमआरआयचं यंत्र, धावपळ करणारे डॉक्टर आणि शेवटच्या पाच मिनिटांत कुणाला तरी सुचलेलं दुर्मीळ आजाराचं नाव असा मालिकेतला थाट येतो. तो आपल्या कामाचा नाही. १९७५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी एक साधा हिशेब छापला होता. बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० रुग्णांपैकी ६६ जणांचं निदान आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाची हकीकत ऐकूनच बरोबर झालं होतं. अंगाला हात लावून केलेल्या तपासणीने ७ जणांच्या बाबतीत फरक पडला, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनी आणखी ७ जणांच्या. आज चाचण्या पुष्कळ वाढल्या आहेत. पण कोणती करायची हे अजूनही हकीकतीवरूनच ठरतं. निदान मुख्यतः बोलण्यात सापडत असेल, तर नुसत्या बोलण्यावर चालणारा खेळच त्याला सगळ्यात जवळचा. म्हणून हा प्रकार निवडला.

आता गाव. वणा नदीकाठचं हिंगणघाट एकोणिसाव्या शतकात कापसामुळे मँचेस्टर-लिव्हरपूलपर्यंत ठाऊक होतं. इथल्या कापसाला तिकडच्या बाजारात गावाच्या नावानेच ओळखत. पुढे बन्सीलाल अबीरचंद आणि मोहता यांच्या गिरण्या आल्या, जिनिंग-प्रेसिंग वाढलं. आजही हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागली की मोटारसायकल काढायला वाट मिळत नाही. अशा गावातलं प्रकरण आफ्रिकेतल्या एखाद्या विषाणूवर रचायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. इथलं रहस्य कापसातच शोधायला हवं, आणि ते आहे.

गिरणीचा दमा. वैद्यकात त्याला बिसिनोसिस म्हणतात. हे नाव १८७७ साली पॅरिसच्या डॉ. आद्रियाँ प्रूस्त यांनी दिलं. कादंबरीकार मार्सेल प्रूस्तचे हे वडील, आणि मुलगा जन्मभर दम्याने बेजार! त्याच वर्षाच्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. नाव आणि गिरणी एकाच वर्षी यावीत हा योगायोगच, पण आपल्या खेळाच्या पहिल्या पाटीवर तो शोभून दिसेल.

आजाराची गंमत (रुग्णाला ती गंमत वाटत नाही, रचणाऱ्याला वाटते) त्याच्या वेळापत्रकात आहे. कापसाच्या धुळीत रुईच्या तंतूंबरोबर बोंडाच्या वाळक्या पालापत्तीचा भुगा असतो आणि त्यावर जिवाणूंचे विषारी अंश. ही धूळ छातीत गेली की काही तासांत श्वासनलिका आकसतात. पण रोज सारख्याच नाहीत. सुट्टीनंतर कामाचा जो पहिला दिवस, त्या दिवशी छाती सगळ्यात जास्त आवळते. दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. शरीर जणू धुळीशी जमवून घेतं, सुट्टीत ते विसरतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बेल्जियममधल्या घेंटच्या गिरण्यांत मारेस्का आणि हेमन यांनी १८४५ सालीच कामगारांच्या तोंडून ही सोमवारची तक्रार टिपून ठेवली होती.

म्हणजे आपल्या रहस्याची किल्ली वारात आहे. एक्स-रे बहुधा साफ येतो, रक्तात विशेष काही दिसत नाही. कॅलेंडर मात्र बोलतं.

आता प्रसंग. दवाखान्यातली बाह्यरुग्ण खिडकी, नुकतीच रुजू झालेली तरुण डॉक्टर म्हणजे आपण, आणि समोर पन्नाशीचे काकाजी. गिरणी काल्पनिकच ठेवू, उगाच कुणाच्या दारावर पाटी नको.

“काय होते काकाजी?”

“खोकला हाय मॅडम. दम भरते.”

“कधीपासून?”

“झाले असन दोन-तीन वर्ष. पन रोज नाही राहत ना, मॅडम.”

इथे संवाद थांबतो आणि पर्याय येतात. खोकल्यात रक्त पडतं का? बिडी किती ओढता? घरात कुणाला दमा आहे का? तिन्ही प्रश्न रास्त, तिन्हींची उत्तरं मिळतील, कागदावर नोंद होईल. खरा धागा पर्यायांत नाहीच. तो वरच्या ओळीत पडून आहे. ‘रोज नाही राहत’ हे शब्द पट्टीवर दिसत असतानाच त्यांवर बोट ठेवलं, तर चौथा प्रश्न उघडतो: “रोज नाही, म्हणजे कवा राहते?” बोट ठेवलं नाही तर काकाजी पुढचं बोलू लागतात आणि ओळ वर सरकून जाते. मला या सगळ्या रचनेत हीच जागा सर्वांत आवडते. रुग्णाने महत्त्वाचं ते सांगितलेलं असतं, आणि लिहून घेणाऱ्याचं डोकं पुढच्या प्रश्नात असतं. दवाखान्यात हे रोज घडतं. खेळात ते खेळणाऱ्याच्या हातून घडवता येतं.

आता कच्च्या आराखड्यात हमखास दिसणारी गोष्ट: शेवटी चार आजारांची यादी आणि ‘योग्य निदान निवडा’. ही काढून टाका. यादीत ‘गिरणीचा दमा’ हे नाव दिसलं की पहिलीतलं पोरही तेच निवडेल, आणि नाही निवडलं तर मागे जाऊन दुसरं दाबेल. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा वकिली खेळ ‘एस अटर्नी’ २००१ साली आला. त्यात साक्षीदाराच्या नेमक्या विधानासमोर नेमका पुरावा ठेवावा लागतो. चुकलात तर दंड. यात नुसतं उत्तर माहीत असून भागत नाही, ते कशाने सिद्ध होतं हेही दाखवावं लागतं. ल्यूकस पोपचा २०१८चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ आणखी चतुर आहे. जहाजावर कोण कसा मेला हे वहीत भरत जायचं, आणि तीन नोंदी बरोबर झाल्याशिवाय खेळ ‘बरोबर’ म्हणतच नाही. अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही. डॉक्टरांवर बेतलेला अ‍ॅटलसचा ‘ट्रॉमा टीम’ २०१० साली आला. त्यातल्या निदानाच्या भागात रुग्णाचं बोलणं, तपासणी आणि प्रतिमा यांतून लक्षणं गोळा करून आजाराशी जुळवावी लागतात. या तिघांकडून उसनं घेऊन आपला नियम असा करू: खेळणाऱ्याने आजाराचं नाव निवडायचंच नाही. केसपेपरवर तीन नोंदी एकमेकींना जोडायच्या. कामाचं खातं, त्रासाचा वार, आणि पाळीच्या आधी व नंतर फुंकून घेतलेल्या श्वासाचा फरक. तिन्ही जुळल्या तरच पुढचं पान.

पहिली नोंद सोपी वाटते, पण नाही. काकाजींना धंदा विचारला तर ते “मजुरी” म्हणतील. इटलीच्या रामाझ्झिनींनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारा, असं वैद्यांना बजावलं. ते विचारल्यावरही दुसरा प्रश्न लागतो: कोणत्या खात्यात? जिथे गाठी फोडून कापूस मोकळा करतात ते ब्लोरूम आणि कार्डिंग, इथे धूळ सगळ्यात जास्त. पुढच्या खात्यांत कमी होत जाते. शब्दांनी विचारलं नाही तरी चित्राने सांगता येतं. काकाजींच्या पहिल्याच चित्रात भुवयांवर आणि कानाच्या पाळीवर रुईचे बारीक तंतू काढायचे. ठळक नाही, अगदी हलके. चेहरा खोकताना बदलेल, हसताना बदलेल, तंतू तिथेच. खेळणारा ते प्रत्येक चित्रात पाहील आणि पांढरे केस समजून सोडून देईल. चित्रकाराला मात्र आधी बजावून ठेवा, नाहीतर तो हौसेने पुसून टाकेल.

दुसऱ्या नोंदीत एक सापळा ठेवता येतो आणि तो इथलाच आहे. इंग्रजी पुस्तकांत हा आजार ‘सोमवारचा’ म्हणून येतो, कारण तिकडे रविवार सुट्टीचा. आपल्याकडे विजेच्या नियोजनापायी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी वेगवेगळ्या वारी ठेवण्याची पद्धत आहे. आपल्या गिरणीची सुट्टी गुरुवारी ठेवू. मग काकाजींची छाती आवळेल शुक्रवारी. पुस्तक वाचून आलेला हुशार खेळाडू “सोमवारी त्रास होतो का?” असं विचारेल, काकाजी “नाही ना जी” म्हणतील, आणि गडी चुकीच्या रस्त्याला लागेल. ज्याने आधी “सुट्टी कवा राहते?” विचारलं त्याचं काम झालं.

सापळे प्रामाणिक हवेत, हे मात्र कटाक्षाने पाळायचं. बिडीचंच घ्या. काकाजी बिडी ओढतात आणि बिडीने हा आजार बळावतो. म्हणून ‘बिडीमुळे’ हे उत्तर खोटं नाही, अर्धं आहे. क्षयाचंही तसंच. दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेल्या माणसाचा बेडका तपासायला पाठवणं हे आपल्याकडे कर्तव्यच आहे. खेळणाऱ्याने ती चाचणी टाळून थेट गिरणीवर उडी मारली तर निदान बरोबर येऊनही गुण कापायचे. दम्याशी तुलना मात्र नीट उलगडून दाखवायला हवी: कामामुळे होणारा साधा दमा बहुधा आठवडाभर वाढत जातो आणि सुट्टीत उतरतो, हा पहिल्या दिवशी चढतो आणि आठवड्यात उतरतो. केसपेपरच्या कोपऱ्यात सात दिवसांचा एक छोटा आलेख ठेवला की हे शब्दांवाचून कळतं.

कठीण पातळी रचायची असेल तर आजारानेच सोय करून ठेवली आहे. शिलिंग या ब्रिटिश डॉक्टरांनी त्याच्या पायऱ्या लावल्या. आधी कधीमधी पहिल्या दिवशी, मग प्रत्येक पहिल्या दिवशी, मग इतर दिवशीही, आणि शेवटी फुफ्फुसाचं कायमचं नुकसान. शेवटच्या पायरीवर वाराचा धागाच तुटतो. रोजच दम, रोजच खोकला. बाहेरून तो जुनाट ब्राँकायटिससारखाच दिसतो. वीस वर्षं कार्डिंगमध्ये काढलेला माणूस समोर आला तर आजचा त्रास विचारून हाती काही लागत नाही. “सुरुवातीले कसं होतं?” हा प्रश्न सुचायला हवा. आपल्याकडे हा आजार फारसा नाही अशी समजूत बरीच वर्षं होती. मुंबईत केईएमच्या डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांची फुफ्फुसं बारकाईने तपासून या विषयावर लिहिलं. समजूत टिकण्यामागे एक कारण उघड आहे: दवाखान्यात माणूस येतो तो धागा तुटल्यावर.

आणखी एक कारण पोटाचं. खातं सांगितलं तर काम जाईल ही धास्ती. म्हणून खेळात विश्वासाचा एक अदृश्य आकडा ठेवायचा. काकाजींना बसायला सांगितलं, त्यांचं वाक्य तोडलं नाही, तर तो वाढतो. तो पुरेसा नसेल तर प्रश्न बरोबर असूनही उत्तर “मजुरी” एवढंच येतं. निदानानंतरचा प्रसंगही कापायचा नाही. औषधाने तात्पुरता आराम पडेल, पण खरा उपाय धुळीपासून दूर जाण्याचा. डॉक्टरबाई खातं बदलण्याची चिठ्ठी लिहितात का, नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत हा आजार आहे हे काकाजींना सांगतात का, आणि काकाजी ती चिठ्ठी साहेबांपुढे ठेवतात का? या तीन प्रश्नांवर तीन शेवट पुरेत.

तांत्रिक बाजू थोडक्यात. रेनपाय हे साधन फुकट आहे, २००४ पासून चालू आहे आणि व्हिज्युअल नॉव्हेलसाठीच बनलेलं आहे. पूर्वी त्यात मराठी जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या भलतीकडे जायच्या, ८.२ आवृत्तीत अक्षरजोडणीची नवी यंत्रणा आल्यापासून देवनागरी सरळ उमटते. जुनी आवृत्ती उतरवून घेतली असेल तर आधी ती बदला. लिखाण पूर्ण झाल्यावर एखाद्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. हिंगणघाटकरांना त्यासाठी लांब जायला नको. १९६९ साली सुशीला नायर यांनी सुरू केलेलं सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे, आणि तिथले विद्यार्थी पहिल्या वर्षापासून खेड्यात जाऊन बसतात.

पुढच्या भागात घाईचं प्रकरण घेऊ: जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या मिटू लागतात, अंगावर दंशाची खूण नाही, आणि हातात वेळ थोडा. तोवर वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, ओळखीत कुणी ब्लोरूममध्ये किंवा कार्डिंगला काम केलं असेल, तर सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाच्या त्या त्रासाला ते काय म्हणत, हे विचारून त्यांच्याच शब्दांत कळवा. काकाजींच्या तोंडी तेच शब्द घालायचे आहेत.