श्वासांची गणती

कोरोनाच्या लाटेत, 2021 च्या एप्रिल महिन्यात, महाराष्ट्रातील घरोघरी आप्तांची विचारपूस ज्या प्रश्नाने होत असे, तो ‘सॅच्युरेशन किती आहे?’ (म्हणजे रक्तातील प्राणवायूची पातळी शेकडा किती) हा प्रश्न रास्त असला, तरी अपुरा होता, असे माझे ठाम मत आहे. कारण बोटाला लावलेल्या यंत्रावरचा हा आकडा जागचा हलला नाही, तरी रोगी आतून खचत जाऊ शकतो, आणि ते उमगण्यासाठी त्याच्या श्वासांची गणती करावी लागते.

कोरोना किंवा इन्फ्लुएन्झाच्या विषाणूमुळे न्यूमोनिया झाला, की फुप्फुसांतील वायुकोश द्रवाने भरू लागतात, मिटू लागतात. अशा वेळी नाकाशी साधी नळी लावून मिनिटाला 5-6 लिटर प्राणवायू सोडला, तरी धाप लागलेला मनुष्य 30 लिटरांहून अधिक वेगाने हवा ओढत असल्यामुळे उरलेली भरती खोलीतल्या हवेनेच होते आणि दिलेला प्राणवायू विरळ होतो. यावर घशात नळी न घालता करावयाच्या तजविजी मुख्यतः दोन. वॉर्डात ‘हाय फ्लो’ म्हणतात त्या यंत्राने शरीराइतकी उष्ण व दमट केलेली, प्राणवायूने समृद्ध हवा मिनिटाला 60 लिटरपर्यंत नाकावाटे देता येते, आणि रोगी घरच्या माणसांशी बोलूही शकतो; तर सीपॅप व बायपॅप या यंत्रांनी, घट्ट मुखवट्यातून हवेचा दाब देऊन, मिटू पाहणारे वायुकोश उघडे राखले जातात.

या दुसऱ्या उपायाचा पूर्वेतिहास मोठा मनोवेधक आहे. 1936 साली लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डॉ. पोल्टन यांनी, केर ओढण्याच्या विजेच्या यंत्राचा फुंकणारा झोत उपयोगात आणून, फुप्फुसांत पाणी साचलेल्या हृद्रोग्यांना मुखवट्यावाटे दाबाची हवा दिली होती. त्याच ब्रिटनमध्ये कोरोनाच्या रोग्यांवर झालेल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, घशात नळी घालण्याची पाळी किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी साध्या प्राणवायूवरील शेकडा 44 रोग्यांच्या वाट्याला आले, तर सीपॅपवरील शेकडा 36. हाय फ्लोने मात्र असा स्पष्ट फरक पडला नाही. शिवाय हाय फ्लोची भूक जबर: निव्वळ प्राणवायू 60 लिटरच्या वेगाने चालवला, तर सुमारे 7,000 लिटरचा जम्बो सिलिंडर दोन तासांच्या आत रिता होतो.

तथापि, यंत्र लावले म्हणजे निश्चिंत झालो, ही समजूत घातक होय. हाय फ्लोवरील रोग्यासाठी बार्सिलोनाचे डॉ. ओरिओल रोका व त्यांचे सहकारी यांनी ‘रॉक्स’ नावाचा निर्देशांक बसवला आहे: सॅच्युरेशनला दिलेल्या हवेतील प्राणवायूच्या प्रमाणाने भागावे, आणि आलेल्या उत्तराला मिनिटातील श्वासांनी. सॅच्युरेशन 92, प्राणवायू शेकडा 60 (म्हणजे 0.6) आणि श्वास 30 असतील, तर उत्तर 5.1 येते, आणि 4.88 च्या वर ते टिकून राहिले, तर नळी टळण्याचा संभव अधिक. परंतु बाकी सारे तसेच असून श्वास 38 झाले, की उत्तर 4 वर उतरते. मानेचे स्नायू ताणून, अर्धे वाक्य तोडून रोगी बोलू लागला, तर नळी घालण्याचा निर्णय डॉक्टरांनी दिरंगाईविना घ्यावा व आप्तांनीही त्यास आडकाठी करू नये. कारण तेथे दवडलेला वेळ जिवावर बेततो.

घरी तापाने पडलेल्या प्रौढ माणसाचे श्वास, तो स्वस्थ असताना, घड्याळ लावून पुरते एक मिनिट मोजावेत. ते 24 किंवा अधिक भरले, अथवा सॅच्युरेशन 94 च्या खाली गेले, तर सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे.