दगडात कोरलेली थट्टा

मुंबईच्या उच्च न्यायालयाची इमारत कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्यानुसार १८७१ ते १८७८ या काळात उभी राहिली. तिच्या माथ्यावर न्याय आणि दया यांच्या मूर्ती यथाविधि विराजमान आहेत. परंतु तारखेवर तारीख पडत गेल्यामुळे ज्यांना आतल्या ओवऱ्यांत ताटकळावे लागते, त्यांच्यापैकी एखाद्या चौकस फिर्यादीला त्या देवतांपेक्षा एका खांबाच्या शिरोभागी कोरलेले माकडच अधिक जवळचे वाटत असेल. माकडाच्या हाती तराजू आहे, डोळ्यावर पट्टीही आहे. मात्र ती एकाच डोळ्यावर, दुसरा उघडा! याच इमारतीत गळ्याला बॅरिस्टरी पट्ट्या बांधलेला एक कोल्हाही आहे.

दावा हरलेल्या एका मक्तेदाराने असा सूड उगवला, ही आख्यायिका वकीलमंडळी चवीने सांगतात. मला ती पटत नाही. सरकारी इमल्याचे काम अभियंत्यांच्या नजरेखाली चालत असता असली खोडी चोरून कोरणे दुर्घट होते. शिवाय ज्या गॉथिक शैलीचा येथे अवलंब झाला, तिच्या युरोपातील मध्ययुगीन प्रार्थनामंदिरांतही धर्मोपदेशकाच्या वेषातला कोल्हा बदकांपुढे प्रवचन झोडताना आढळतो. थोरामोठ्यांची थट्टा करण्याची मुभा त्या शैलीत पूर्वापार होती.

या मुभेला एकोणिसाव्या शतकात शास्त्राचा आधारही मिळाला. पाथरवटाच्या हाताला स्वातंत्र्य असल्यावाचून कोरीव कामात प्राण येत नाही, हे जॉन रस्किन यांचे मत इंग्लंडात गाजत होते. आणि त्याच विचारांच्या वातावरणात वाढलेले लॉकवूड किपलिंग १८६५ साली जे. जे. कलाशाळेत शिल्पकला शिकवण्यासाठी मुंबईत आले. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारांवरील शेतकरी आणि बाजारकरी माणसांचे उत्थितशिल्प त्यांचेच. (पुढे त्या मंडईला ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या महात्मा फुल्यांचे नाव मिळाले; योगायोग कधीकधी मोठा रसिक असतो.)

फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी १८७८ साली बोरीबंदरचे भव्य रेल्वेस्थानक बांधावयास घेतले, तेव्हा किपलिंग लाहोरला गेले होते. तथापि कोरीव काम जे. जे.च्या विद्यार्थ्यांकडेच आले. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, म्हणजे ब्रिटन आणि हिंदुस्थान, आणि घुमटावरची ‘प्रगती’ ही शिल्पे टॉमस अर्प यांची. ती मला नेहमी मोहोरबंद सरकारी खलित्यासारखी वाटतात, मजकूर वाचण्यापूर्वीच कळलेला. मौज आहे ती खाली, कमानींच्या कोनाकोपऱ्यांत आणि खांबांच्या माथ्यांवर. तेथे पाने चौकटीची शिस्त मोडून बाहेर ओघळतात, मोर आपला पिसारा उपलब्ध जागेत कसाबसा सामावून घेतो, आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर फेकण्याचे रूक्ष काम अक्राळविक्राळ श्वापदांच्या मुखांकडे सोपवलेले असते. आराखड्याने जागा नेमून दिली. तिथे काय गंमत करायची, हे छिन्नीने ठरवले.

हे स्थानक २००४ साली, आणि उच्च न्यायालयासह ओव्हल मैदानाभोवतीच्या वास्तू २०१८ साली, जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाल्या. दुरुस्तीच्या तजविजी आता वरचेवर निघतील. त्यांत झिजलेले कान, तुटलेल्या शेपट्या नव्याने घडवण्याची वेळ आली, तर ते काम यंत्राच्या साच्याला न देता त्याच कलाशाळेतील चार हुन्नरी मुलांना द्यावे. आणि जिचे मूळ रूप सांगणारा पुरावाच उरलेला नाही, अशी एखादी शेपटी कोणत्या बाजूला वळवायची, हे खुशाल त्यांच्यावर सोडावे.