जुना संगणक मध्येंच कां थांबतो?

चालतां चालतां एकाएकीं थांबणें ही जुन्या यंत्रांची खोड सर्वांच्या परिचयाची आहे. सायकल थांबली तर निसटलेली सांखळी डोळ्यांना दिसते; संगणक थांबला तर पडदा स्तब्ध होतो आणि कारण आंतच दडून राहतें. तें कसें शोधावें, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

आमच्या हातीं आलेलें यंत्र ‘वर्कस्टेशन’ जातीचें होतें. अभियंते व शास्त्रज्ञ यांच्या कामासाठीं असे बळकट संगणक १९८० नंतर प्रचारांत आले. १९८२ सालीं अमेरिकेंत ते बनविण्यासाठीं सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी स्थापन करणारांपैकीं विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. आमच्या यंत्राच्या तबकडीवर एका दिवंगत शिक्षकांनीं लिहिलेलीं खाडीकांठच्या वनस्पतींचीं टिपणें होतीं व त्यांची दुसरी प्रत कोठेंही नव्हती. यंत्र मात्र दर दोन तासांनीं बंद पडे. कळंबोलीची हवाही अशा यंत्रांस मानवत नाहीं; पावसाळ्यांतील दमटपणा, खाडीकडील खारट वारा आणि लोखंडबाजाराच्या मालमोटारींची धूळ हे तिघेही त्यांचे वैरी होत.

प्रथम वही घ्यावी, मग पेचकस. यंत्र किती वाजतां थांबलें, तेव्हां कोणतें काम चालू होतें, पडद्यावर कोणतीं अक्षरें उमटलीं, हें सर्व टिपावें. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क-२’ यंत्रांत एक पतंग अडकलेला सांपडला. तपास करणारांनीं तो फेकून न देतां दिवसवहींत चिकटवून ठेवला. ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत आहे.

सुरू केल्यावर ठराविक वेळानें यंत्र थांबत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. पंखा व धुळीनें बुजलेल्या वाटा तपासाव्या. केव्हांही थांबत असेल, तर विजेचा दाब मापावा. पांच व्होल्टच्या तारेवर तो ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान असावा. कपॅसिटर जुने झाले म्हणजे त्यांतील द्राव सुकतो व दाब डळमळतो. वीजपुरवठ्याची पेटी मात्र विद्यार्थ्यांनीं कदापि उघडूं नये. बाहेरची तार काढल्यावरही तींत कांहीं काळ घातक भार शिल्लक राहतो.

नंतर स्मृतिपट्ट्यांची पाळी. हिशेबांतील संख्या यंत्र या पट्ट्यांत ठेवतें. एखादा अंक बदलल्याचें ध्यानांत आलें, तर चुकीचा हिशेब पुढें रेटण्यापेक्षां तें थांबणेंच पसंत करतें. आठ पट्ट्यांपैकीं एक सदोष असेल, तर प्रत्येक वेळीं निम्म्या काढून पाहिल्यास तीन परीक्षांत ती सांपडते. परंतु दोन तासांनीं थांबणारें यंत्र एक तास नीट चाललें, तर त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं.

येथेंच आम्ही चुकलों. उतावळेपणानें एकाच दिवशीं आम्हीं पंखा बदलला, धूळ काढली व एक पट्टी सदोष ठरवून भंगारांत दिली. यंत्र चाललें, आम्ही आनंदलों, आणि टिपणांची प्रत करणें उद्यांवर टाकलें. पहिल्याच पावसांत तें पुन्हां बंद पडलें. तीन बदल एकदम केल्यामुळें गुण कशानें आला होता, हेंच आम्हांस सांगतां येईना.

मग एका वेळीं एकच बदल करावयाचा, असा नियम करून आम्हीं आरंभापासून तपास केला. आठव्या दिवशीं उमगलें कीं, पट्टी कोणतीही घातली तरी दोष एकाच खांचेंत राहतो. त्या खांचेच्या टोंकांवर हिरवट गंज चढला होता. भंगारांत दिलेली पट्टी निर्दोष होती! खांच शुद्ध स्पिरिटनें पुसतांच यंत्र सहा तास अखंड चाललें. आणि त्या सहा तासांत सर्वांत आधीं आम्हीं टिपणांची प्रत करून घेतली.

ती प्रत आतां आमच्याजवळ आहे. यंत्र पुन्हां केव्हां थांबेल तें सांगवत नाहीं; परंतु आतां त्याची आम्हांस भीति वाटत नाहीं. आपल्या घरीं एखादें जुनें यंत्र असेल, तर त्यांतील मोलाच्या गोष्टींची प्रत आजच करावी, आणि दोष शोधतांना हातापेक्षां वहीवर अधिक विश्वास ठेवावा, एवढीच विद्यार्थ्यांस व पालकांस आमची विनंति आहे.