‘मदर रोड’वर ज्येष्ठांना नेताना

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे पाच-सहा महिने राहून आलेले ज्येष्ठ रुग्ण माझ्या दवाखान्यात नेहमीच येतात. पूर्वी त्यांच्या बोलण्यात नायगारा आणि डिस्नेलँड असे. अलीकडे जाण्यापूर्वीच एक निराळा प्रश्न कानी येतो : “डॉक्टर, मुलगा म्हणतोय, रूट ६६ने गाडीने जाऊ या. आम्हाला झेपेल का?” आपल्या घरी असा बेत शिजत असेल, तर हा लेख आपल्यासाठी आहे. आणि आपण त्या ज्येष्ठांचे मुलगा, सून, लेक किंवा जावई असाल, तर अधिकच आपल्यासाठी.

प्रथम या रस्त्याविषयी थोडेसे. शिकागोहून निघून लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिकाच्या समुद्रापर्यंत जाणारा हा मार्ग ११ नोव्हेंबर १९२६ रोजी अस्तित्वात आला. म्हणजे २०२६ हे त्याचे शताब्दी वर्ष. लांबी सुमारे ३,९०० किलोमीटर, आणि वाटेत इलिनॉय, मिसूरी, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना व कॅलिफोर्निया ही आठ राज्ये. १९३०च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेली शेतकरी कुटुंबे मोडक्या मोटारींत संसार भरून याच रस्त्याने पश्चिमेकडे गेली. जॉन स्टाइनबेक यांनी ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या १९३९च्या कादंबरीत त्याला ‘मदर रोड’ म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. पुढे मोठे द्रुतगती मार्ग झाले, १९८५ साली रूट ६६ अधिकृत नकाशातून वगळला गेला. पण त्याचा बराच भाग आजही तुकड्यातुकड्यांनी वापरात आहे. जुनी पेट्रोल पंपांची टपरीवजा दुकाने, निऑनच्या पाट्या, एकमजली मोटेल्स हे सारे पाहण्यासाठी जगभरातून लोक येतात. त्या मोटेल्सपैकी कित्येकांच्या काउंटरमागे गुजराती कुटुंब असते. “केम छो” ऐकल्यावर परक्या मुलखातला आपला थकवा निम्मा उतरतो, हे मी अनुभवाने सांगते.

अनुभव सांगायचाच, तर आधी माझी चूक सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मी, माझे यजमान आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या सासूबाई शिकागोजवळ राहणाऱ्या दिरांकडे गेलो होतो. दिरांना रजा दहा दिवसांची आणि तीही जूनमध्येच. तेवढ्यात पूर्ण रूट ६६ करायचा, असे ठरले. हिशेब सोपा होता : रोज चारशे किलोमीटरही नाहीत. पुण्याहून गोव्याला आपण त्याहून अधिक अंतर एका दिवसात जातो की! पण हा जुना रस्ता गावागावांतून वळसे घेत जातो; दर तासाला काहीतरी पाहण्यासाठी थांबावेसे वाटते; आणि नकाशावरचे पाच तास प्रत्यक्षात नऊ होतात. सासूबाईंना मधुमेह नाही, हृदयविकार नाही. रक्तदाबासाठी एक गोळी, तिच्यात लघवी वाढवणारे औषध मिसळलेले. भारतात वर्षानुवर्षे त्या ती घेत होत्या. ती तपासून पाहावी, असे त्यांच्या डॉक्टर सुनेच्या मनातही आले नाही.

आठव्या दिवशी आम्ही ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफहून निघालो. ते गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही उंच. सकाळी शाल लागत होती. संध्याकाळी मोहावी वाळवंटातील नीडल्स या गावी उतरलो, तेव्हा आम्ही जवळजवळ दोन हजार मीटर खाली आलो होतो आणि तापमान ४५ अंशांच्या घरात होते. रात्री सासूबाई पलंगावरून उठून स्नानगृहाकडे निघाल्या आणि दोन पावलांत कोसळल्या. मिनिटभरात शुद्धीवर आल्या, हाड मोडले नाही, ही कृपाच. आडव्या असताना त्यांचा वरचा रक्तदाब १०४ होता. उठवून बसवले तर ८०च्या खाली. इस्पितळात नेले. तेथील तपासणीत रक्तातील सोडियम उतरलेले निघाले. सलाइन लावले, आणि पहाटे त्या स्वतःहून बोलू लागल्या.

“अगं, तीन दिवस मी पाणी जपूनच पीत होते. मैलोन्‌मैल रस्ता, कुठे संडास दिसत नाही. त्याला सारखी गाडी थांबवायला कशी सांगू? आधीच त्याला रजा कमी.”

वाचकहो, रूट ६६वर ज्येष्ठांना होणारा खरा धोका या वाक्यात आहे. उंची, ऊन, लांबचा प्रवास हे सर्व त्यानंतर. वयपरत्वे तहानेची जाणीव मुळातच मंदावते. वाळवंटी हवेत घाम येता क्षणी वाळतो, त्यामुळे अंगातून पाणी जात आहे हे कळतही नाही. त्यात लघवी वाढवणारी गोळी, आणि त्यात मुलाला त्रास नको म्हणून जाणूनबुजून कोरडा ठेवलेला घसा. आपल्या पिढीतील, विशेषतः स्त्रियांनी, प्रवासात पाणी न पिण्याची सवय एसटीच्या काळापासून अंगी बाणवली आहे. ती सवय वाळवंटात जिवावर बेतू शकते.

म्हणून नियोजनाची सुरुवात नकाशापासून करू नका, थांब्यांपासून करा. दर दीड तासाला गाडी थांबेलच, कोणी मागो वा न मागो, असा नियम चालवणाऱ्याने स्वतः जाहीर करावा. म्हणजे मागण्याचा संकोचच उरत नाही. या थांब्यात स्वच्छतागृह, दोन-चार घोट पाणी आणि पाच मिनिटे चालणे, तिन्ही होतात. चालणे केवळ पाय मोकळे करण्यासाठी नव्हे. तासन्‌तास बसून राहिल्याने पोटरीच्या खोल नीलांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. एका पोटरीला सूज, दुखणे, किंवा अकस्मात धाप लागणे ही लक्षणे दिसल्यास पुढचे गाव गाठण्याची वाट पाहू नये. गाडीत बसल्या बसल्याही घोटे वर-खाली करत राहावे. पूर्वी गुठळी झालेल्यांनी, अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी याविषयी अवश्य बोलावे.

सत्तरीपुढील व्यक्ती बरोबर असेल, तर दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटरांहून अधिक जाऊ नये आणि दर तीन दिवसांनी एक दिवस एकाच गावी मुक्काम करावा, असे आता माझे मत आहे. या हिशेबाने पूर्ण मार्गाला अडीच ते तीन आठवडे लागतात. तेवढी रजा नसेल, तर अर्धाच मार्ग करा. त्यात कमीपणा कसला? न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्कीपर्यंत विमानाने जाऊन तेथून पश्चिमेकडचा टप्पा करता येतो. ज्यांना उंचीचा त्रास होईल अशांसाठी शिकागो ते ओक्लाहोमा हा सखल, हिरवा टप्पा उत्तम. गाडीत बसणेच अशक्य असेल, तर शिकागो ते लॉस एंजेलिस धावणारी ‘साउथवेस्ट चीफ’ ही रेल्वे न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनात बराच काळ याच मार्गाच्या सोबतीने जाते. आणि भारतातून उतरल्यावर किमान आठवडाभर तरी मुलाच्या घरी विश्रांती घेतल्याखेरीज निघूच नका.

ऋतूही जपून निवडावा. जून ते ऑगस्ट वाळवंटासाठी वर्ज्य समजा. एप्रिल-मेमध्ये हवा सुखद असते, पण मिसूरी, कॅन्सस, ओक्लाहोमा या भागात तोच चक्री वादळांचा, टॉर्नेडोचा, मुख्य हंगाम. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर मला सर्वांत योग्य वाटतो.

पाणी किती प्यावे, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्यांना डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असते. त्यांनी ते मोडू नये, मात्र उष्ण टप्प्यात ते वाढवावे का, हे आधीच विचारून घ्यावे. इतरांनी लघवीच्या रंगाकडे पाहावे. गडद पिवळा दिसला, की आपण मागे पडलो आहोत. रक्तदाबाची व लघवीची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत, परंतु निघण्यापूर्वी ती डॉक्टरांना दाखवून उभे राहिल्यावरचा रक्तदाब मोजून घ्यावा. ही दोन मिनिटांची तपासणी मी माझ्या घरात केली नव्हती.

उंचीविषयी : आल्बुकर्की सुमारे १,६०० मीटर, सांता फे आणि ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ २,१०० मीटरच्या आसपास. निरोगी माणसाला एवढ्या उंचीवर फारसे काही जाणवत नाही. ज्यांना जुनाट दमा, फुप्फुसांचा विकार, हृदयाची क्षीणता किंवा तीव्र रक्तक्षय आहे, त्यांना धाप आणि डोकेदुखी जाणवू शकते. पहिल्या दिवशी चढउतार टाळावेत, रात्री लवकर निजावे. ॲरिझोनात किंगमनहून ओटमन या जुन्या खाणगावाकडे जाणारा घाट अतिशय अरुंद आणि नागमोडी आहे. ओटमनच्या रस्त्यावर मोकळी फिरणारी गाढवे नातवंडांना फार आवडतात, पण चक्कर येणाऱ्या आजीने त्या घाटाऐवजी बाहेरून जाणारा महामार्ग सुचवावा.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्याकडील काही औषधांची नावे तेथे निराळी आहेत. पॅरासिटामॉलला तेथे ॲसिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, मधुमेहाच्या ग्लिबेन्क्लामाइडला ग्लायब्युराइड. ग्लिक्लाझाइड, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही आपल्याकडे घरोघरी घेतली जाणारी मधुमेहाची औषधे अमेरिकेत मिळतच नाहीत. बहुतेक गोळ्या तेथील डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून दुकानदार देत नाही. तेव्हा संपूर्ण मुक्कामाची औषधे आणि वर पंधरा दिवसांची, मूळ वेष्टनासह न्यावीत. मूळ औषधांची नावे टंकलेखित असलेली चिठ्ठी जवळ असू द्यावी. तिची एक प्रत चालकाच्या भ्रमणध्वनीतही हवी. आजी बेशुद्ध असताना तिच्या पर्समधील कप्पे शोधायला वेळ नसतो.

इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत क्षणभरही ठेवू नका. थंड पिशवीतून हातात घेऊन उतरा. मोटेलच्या छोट्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याशेजारी ते गोठते आणि निकामी होते. दाराच्या कप्प्यात ठेवा. शिकागोपासून कॅलिफोर्नियापर्यंत घड्याळ एकूण दोन तास मागे येते, तेही हळूहळू. जेवणाबरोबरचे इन्सुलिन जेवणाबरोबरच घ्यावे, घड्याळाची फार चिंता करू नये. दुपारचे जेवण लांबले, तर साखर उतरू शकते, म्हणून खिशात साखरेच्या पुड्या हव्यातच. नाश्त्याला मिळणारे पॅनकेक आणि त्यावरचे गोड पाक मात्र दुरूनच पाहावेत. शाकाहारी मंडळींनी दशम्या, मेतकूट, भाजके पोहे बरोबर ठेवावेत. टेक्सासच्या लहान गावांत सॅलड आणि बटाट्यापलीकडे फारसे काही मिळत नाही. नेब्युलायझर किंवा झोपेतील श्वासाचे यंत्र नेणार असाल, तर ते तेथील ११०-१२० व्होल्टवर चालते का, हे खालच्या पट्टीवर वाचून घ्या.

विमा उतरवताना ‘जुने आजार’ या शब्दांपुढे काय लिहिले आहे, ते मुलाने स्वतः वाचावे. एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. आणीबाणीत ९११ फिरवावा. १९८६च्या कायद्यामुळे तेथील इस्पितळांचा तातडीचा विभाग पैशांची विचारणा होण्यापूर्वी रुग्णाला तपासतो आणि स्थिर करतो. बिल मागाहून येते, आणि ते आपल्या कल्पनेपलीकडचे असते. म्हणून कोणी “बिल किती येईल” या भीतीने छातीत दुखणे लपवू नये. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे यांना वाट पाहणे हा पर्याय नाही. जाता जाता आणखी एक : तेथे वाहने उजवीकडून चालतात, तेव्हा रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहावे. सत्तर वर्षांची सवय आपल्याला उजवीकडेच पाहायला लावते. आजोबांचा हात धरण्याची गरज इस्पितळापेक्षा तेथे अधिक असते.

नीडल्समध्ये आम्ही दोन दिवस वातानुकूलित खोलीत काढले. दिरांनी रजा वाढवून घेतली. फोनवर दहा मिनिटांत ते काम झाले, जे आम्ही आठ दिवस अशक्य मानत होतो. गोळी बदलली. ठरलेली तीन-चार ठिकाणे गाळली. तिसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी निघालो, तेव्हा सासूबाई पुढच्या आसनावर बसल्या होत्या आणि मांडीवर पाण्याची बाटली होती. बार्स्टोपर्यंत त्यांनी चार वेळा “अरे, थांबव” म्हटले. तीनदा गरजेपोटी. चौथ्यांदा शेजारच्या रुळांवरून एक लांबलचक मालगाडी चालली होती, तिचे डबे मोजायचे होते म्हणून. दीर इंजिन चालू ठेवून निमूट बसून राहिले. एकशे बारावर त्यांचा हिशेब चुकला, आणि मग त्या म्हणाल्या, “चल आता.”