‘पुअर’ या इंग्रजी विशेषणाचे अर्थ व उपयोग

‘पुअर’ हे विशेषण लॅटिन ‘पाउपेर’ या शब्दापासून जुन्या फ्रेंच भाषेच्या द्वारे इंग्रजीत आले. ‘निर्धन’ हा त्याचा मूळ अर्थ होय. विद्यार्थ्यांस बहुधा हा एकच अर्थ सांगितला जातो. वस्तुतः पुढील तीन अर्थ शिक्षकाने स्पष्ट करून दिले पाहिजेत.

(1) निर्धन : ‘अ पुअर मॅन’ म्हणजे गरीब मनुष्य. ‘द पुअर’ एवढेच म्हटल्यास ‘गरीब लोक’ असा अर्थ होतो व क्रियापद अनेकवचनी येते : ‘द पुअर आर’. मराठीत ‘एक गरीब’ असे म्हणता येते. परंतु इंग्रजीत ‘अ पुअर’ यापुढे नाम आवश्यक आहे.

(2) उणा, निकृष्ट : ‘पुअर सॉइल’ म्हणजे निकस जमीन, ‘पुअर हेल्थ’ म्हणजे खालावलेली प्रकृती, ‘पुअर हँडरायटिंग’ म्हणजे वाईट अक्षर. येथे ‘गरीब’ हा प्रतिशब्द निरर्थक ठरतो.

(3) बिचारा : पडलेल्या मुलास पाहून ‘पुअर बॉय!’ असे उद्गार निघतात. तो मुलगा श्रीमंताचाही असू शकेल. या अर्थी विशेषण नामापूर्वीच येते; ‘द बॉय इज पुअर’ म्हटल्यास तो निर्धन आहे, असेच समजले जाईल.

उलटपक्षी, मराठीत ‘मुलगा स्वभावाने गरीब आहे’ म्हणजे तो शांत व निरुपद्रवी आहे. हा अर्थ ‘पुअर’ या शब्दास नाही. तेथे ‘जेंटल’ हा शब्द योजावा.

हा अर्थभेद शेरा लिहिताना विशेष महत्त्वाचा आहे. वहीवर नुसता ‘पुअर’ हा शेरा शिक्षकाच्या मनात दुसऱ्या अर्थाचा असतो. परंतु एकच अर्थ शिकलेले मूल तो पहिल्या अर्थाने वाचण्याचा संभव असतो. ज्याच्या घरी खरोखरच दारिद्र्य आहे, त्यास तो आपल्या घराविषयीचा निर्णय वाटेल. शिवाय, काय उणे आहे व ते कसे भरून काढावे, हे त्या एका शब्दातून कळत नाही. बालकांच्या शिक्षण हक्काच्या 2009 च्या अधिनियमातील कलम 29 मध्ये सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापनाचा निर्देश आहे. एकशब्दी शेऱ्याने त्याचा हेतू साधत नाही.

यास्तव ‘पुअर’ ऐवजी ‘अक्षरे ओळीवर येत नाहीत, रोज पाच ओळी लिहाव्यात’ असे स्पष्ट मराठीत लिहावे. त्यायोगे दोष कामाचा आहे, मुलाचा नव्हे, हे मुलास व पालकांस सहज उमगेल.