जुळणीपासून चिपपर्यंत तैवान

वस्तूचे संकल्पन, सुटे भाग, जुळणी आणि विक्री ही कामे निरनिराळ्या देशांत वाटली जातात, तेव्हा त्या क्रमाला जागतिक मूल्यसाखळी म्हणतात, आणि तीत जुळणीच्या वाट्याला बहुधा सर्वांत कमी नफा येतो. 1966 मध्ये काओशुंग येथे निर्यात प्रक्रिया क्षेत्र उघडणारा तैवान याच पायरीवर उभा होता; परंतु स्वस्त मजुरीचा आधार फार काळ पुरणार नाही, हे तेथील शासनाने वेळीच ओळखले. शासनानेच 1973 मध्ये स्थापन केलेल्या औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्थेने 1976 मध्ये आरसीए या अमेरिकी कंपनीशी तंत्रज्ञान हस्तांतराचा करार करून तरुण अभियंत्यांना तिकडे धाडले, आणि चिपचे संकल्पन, निर्मिती व चाचणी शिकून परतलेल्या या मंडळींची विद्या प्रयोगशाळेतच अडकली नाही; तिच्यातून 1980 मध्ये यूएमसी आणि 1987 मध्ये मॉरिस चँग यांच्या नेतृत्वाखाली टीएसएमसी या कंपन्या उभ्या राहिल्या. टीएसएमसीने स्वतःच्या नावाच्या चिप न विकता केवळ इतरांनी आखलेल्या चिप बनवून देण्याचे, म्हणजे फाउंड्रीचे, काम पत्करले. त्यामुळे ग्राहक कंपन्यांना ती प्रतिस्पर्धी वाटली नाही आणि निर्मितीतील दुर्मीळ कौशल्य हेच तिचे बळ ठरले. या यशात शासनाच्या सबुरीचा वाटा फार मोठा आहे. टीएसएमसीच्या आरंभीच्या भांडवलापैकी जवळपास निम्मे शासनाचेच होते.